सात नंबरची बरणी

चिठ्ठी उघडली, तर आत सातचा आकडा. मागे उभी असलेली मुलगी माझ्या खांद्यावरून डोकावली आणि पुटपुटली, "सुटलीस गं. नायलॉन."

मलाही तसंच वाटलं. पॉलिमर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आमच्या कॉलेजात एक प्रात्यक्षिक असायचं, प्लास्टिक ओळखण्याचं. कपाटात बारा बरण्या, प्रत्येकीवर नुसता आकडा आणि आत प्लास्टिकचे नखाएवढे तुकडे. चिठ्ठी उचलायची, त्या आकड्याची बरणी घ्यायची, तुकडा पाण्यात टाकायचा, मग मिठाच्या गाढ पाण्यात टाकायचा, मग जाळायचा, ज्योत बघायची, वास घ्यायचा आणि हे कुठलं प्लास्टिक ते लिहायचं. हा झाला नियम. प्रत्यक्षात बारा बरण्यांची यादी मागच्या बॅचकडून पुढच्या बॅचकडे तोंडपाठ येत असे. एक पॉलिथिन, दोन पीव्हीसी, तीन पॉलिस्टायरिन, आणि सात नायलॉन. मुलं चिठ्ठी उघडून उत्तर आधी लिहायची आणि उरलेला वेळ त्या उत्तराला शोभतील अशी निरीक्षणं रचण्यात घालवायची.

मे महिन्याची सोळा तारीख होती. जळगावचा मे, त्यात प्रयोगशाळेवर पत्रे. परीक्षेला आम्ही नऊ जण होतो, सगळे डिसेंबरमध्ये राहिलेले. बाकीचे आठ नापास होऊन राहिले होते. मी राहिले, कारण डिसेंबरच्या परीक्षेच्या दिवशी मी बाळंतिणीच्या खाटेवर होते.

माझी उर्वी पाच महिन्यांची व्हायला सहा दिवस बाकी होते. ती बाहेर व्हरांड्यात माझ्या सासूबाईंच्या मांडीवर होती. त्यांना मी आत्याबाई म्हणते. आठवडाभर, पेपर सुरू झाल्यापासून, आत्याबाई रोज माझ्याबरोबर रिक्षाने कॉलेजात येत होत्या. डोक्यावर ओला पंचा, हातात दुधाच्या वाटीचमच्याची पिशवी, खांद्यावर नात. पोर वाटीने दूध प्यायची नाही, थुंकून टाकायची. तिला मीच लागायचे. म्हणून ही वरात.

आज नापास झाले असते तर काय, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची परीक्षा होती. यात राहिलेल्याला नव्या अभ्यासक्रमात अख्खं शेवटचं वर्ष पुन्हा करावं लागणार होतं, हजेरीसकट. माझे यजमान संभाजीनगरला नोकरीला, जूनमध्ये आम्ही दोघी तिकडे जाणार होतो. तान्ह्या पोरीला घेऊन वर्षभर रोज साडेनऊला कॉलेजात कोण येणार? लेखी पेपर सगळे बरे गेले होते. हे एक प्रात्यक्षिक राहिलं होतं. हे झालं की मी इंजिनिअर, नाही झालं तर साडेतीन वर्षं शिकलेली एक सून.

नारखेडे मामांनी बरणी माझ्या टेबलावर आणून ठेवली. मामा आमचे प्रयोगशाळेचे सेवक, वीस वर्षं त्याच खोलीत. ठेवताना त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, सोपी आली ना? मी मान हलवली.

मी ठरवलं असतं तर वीस मिनिटांत लिहून बाहेर पडले असते. पण मला ते जाळून बघायचं होतं. का, ते सांगते. ऑगस्टमध्ये आमच्या बॅचची ही प्रात्यक्षिकं झाली तेव्हा धूर ओढून घेणारा पंखा बिघडलेला होता. जाळण्याच्या खोलीत सगळ्यांचे डोळे चुरचुरायचे. मला पाचवा महिना. आमच्या खाचणे मॅडमनी पहिल्याच दिवशी मला दाराशी अडवलं. बाहेर बस, म्हणाल्या, हा धूर बाळाला नको, तुझ्या मैत्रिणीच्या, रसिकाच्या वहीतून उतरवून घे, मी सही करीन. मी व्हरांड्यात बसून राहिले आणि आतून येणाऱ्या हसण्याखिदळण्यावरून कोणाचं काय पेटलं त्याचा अंदाज बांधत गेले. बारा प्रयोग, बारा पानं, बारा सह्या. एकाही तुकड्याला मी हात लावला नव्हता.

पुढे बाळंतपणात मी पुस्तकातला तक्ता पाठ केला. कुठलं प्लास्टिक कसं जळतं, कसा वास येतो. उर्वीला झोळीत घालून दोरी ओढता ओढता मी तो म्हणायचे. पॉलिथिन, मेणबत्ती विझवल्यासारखा. पॉलिस्टायरिन, झेंडूसारखा. बेकेलाइट, फिनेलसारखा. पोरगी या अंगाईवर झोपायची. आत्याबाई दारातून म्हणायच्या, हिचं पहिलं बोलणं आई नाही निघायचं, पॉलिथिन निघायचं.

त्या सगळ्या वासांची मला नुसती नावं माहीत होती. खराखुरा ओळखीचा त्यातला एकच. नायलॉन, केस जळाल्यासारखा. तो आमच्या घरात रोज यायचा. दिवेलागणीला आत्याबाई उर्वीची दृष्ट काढत. मीठ, मोहरी, दोन लाल मिरच्या आणि माझ्या फणीतलं गुंतवळ. सगळं तिच्यावरून उतरवायचं आणि गॅसवर तापवलेल्या जुन्या लोखंडी पळीत टाकायचं. केसांचा तो कडवट, नाकाच्या मुळाशी बसणारा वास. मला तो डोळे मिटूनही ओळखता आला असता.

तर मी तुकडा घेतला. पांढराशुभ्र, घट्ट, नखाला गुळगुळीत. पाण्यात टाकला, बुडाला. नायलॉन बुडतंच. मिठाच्या पाण्यात टाकला. नायलॉन तिथे तरंगायला हवं.

बुडाला.

मीठ कमी पडलं असेल म्हणून आणखी चार चमचे घातलं, विरघळेना इतकं झालं तोवर ढवळलं. तुकडा तळाशी जाऊन बसला. दुसरा टाकला, तोही त्याच्या शेजारी. घाम माझ्या कानामागून गळ्यात उतरत होता. मी धूर ओढणाऱ्या काचेच्या कपाटाशी गेले, त्याचा पंखा आता दुरुस्त झालेला होता, स्पिरिटचा दिवा लावला आणि चिमट्यात धरलेला तुकडा ज्योतीत नेला.

आधी वाटलं पेटलाच नाही. खिडकीतून ऊन येत होतं आणि ज्योत दिसत नव्हती. मग मी हाताने सावली केली, तेव्हा दिसली. फिकट निळी, जवळजवळ नसलेली. धूर नाही. दिव्यापासून बाजूला घेतला तरी शांतपणे जळत राहिला आणि पेटते थेंब खाली पडायला लागले. मी विझवला आणि हाताने वारा घेत वास नाकाकडे आणला.

डोळ्यांत टचकन पाणी आलं. केसांचा वास नव्हताच. हा वास बारावीच्या जीवशास्त्राच्या कपाटाचा होता, काचेच्या बाटलीत बेडूक बुडवून ठेवतात त्या पाण्याचा. आणि माझा तक्ता आपोआप सुरू झाला. निळी ज्योत, धूर नाही, फॉर्मलिनसारखा वास, डोळ्यांत झोंबतो: ॲसिटल.

ॲसिटल बारा बरण्यांच्या यादीत नव्हतं. ते फक्त पुस्तकात होतं, तक्त्याच्या शेवटच्या ओळीत, जिच्यापर्यंत कोणी येत नाही.

मी आणखी एक तुकडा जाळला. मग आणखी एक. तिसऱ्या वेळी बाहेरून रडण्याचा आवाज आला. तिचं भुकेचं रडणं मला शंभर पोरांत ओळखू येतं. अंगातला कुडता पुढून ओला व्हायला लागला, म्हणजे माझ्याआधी माझ्या अंगाला कळलं. खाचणे मॅडमनी घड्याळ बघून दहा मिनिटं दिली.

मामांनी स्टोअररूम उघडून आत पंखा लावून दिला होता. मी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, तरी मी जवळ घेतल्यावर उर्वीने एकदा नाक फेंदारलं, शिंकली आणि मगच प्यायला लागली. आत्याबाई समोरच्या पोत्यावर बसून पंच्याने वारा घालत होत्या. किती राहिलं, त्यांनी विचारलं. मी त्यांना सगळं सांगितलं. बरणी नायलॉनची म्हणतात, पण नायलॉन नाहीच. केसांचा वास येत नाही.

"मग काय लिहिशील?"

"तेच कळत नाही. वहीत नायलॉन लिहिलंय. माझ्याच अक्षरात, केसांचा वास आला म्हणून. आता ॲसिटल लिहिलं तर ते विचारतील, मग ऑगस्टात तुम्हाला केसांचा वास कसा आला?"

त्यांनी वारा घालणं थांबवलं नाही. "ही बरणी आलेले बाकीचे काय लिहू राहिले?"

"नायलॉन."

"आणि तपासणाऱ्याकडे काय लिहेल आहे?"

"नायलॉन."

"मग तूही नायलॉन लिही, माय," त्या शांतपणे म्हणाल्या. "पास हो आधी. खरंखोटं मग घरी जाऊन पाहू. सात दिवस झाले, या उन्हात पोर तापून राहिली."

त्यांचं काही चुकत नव्हतं. सात दिवस त्या अंगणात पापड वाळवावेत तशा त्या व्हरांड्यात वाळत बसल्या होत्या आणि एकदाही कुरकुरल्या नव्हत्या. स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या. सून इंजिनिअर होणार हे त्यांनी भुसावळपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना कळवून ठेवलेलं होतं.

मी उर्वीला खांद्यावर घेऊन ढेकर काढवला, त्यांच्याकडे दिली आणि परत आत गेले. नायलॉनच लिहायचं, असं मनाशी नक्की करून गेले.

निरीक्षणं मी खरी लिहिली होती. खोडून पुन्हा लिहायला वेळ होता. उत्तराची जागा तेवढी कोरी होती. पेन हातात घेऊन बसले असताना खाचणे मॅडम टेबलाशी आल्या. त्यांनी माझ्या कागदावरून नजर फिरवली, एकदा, मग पुन्हा. बाहेरचे परीक्षक, दाभाडे सर, खोलीच्या त्या टोकाला कोणाची तरी तोंडी घेत होते. मॅडमनी माझं जर्नल ओढलं, सात नंबरचं पान काढून माझ्यासमोर ठेवलं आणि त्यावर बोट टेकवलं.

"यात आहे तेवढं लिही," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "वेळ होत आली."

आवाजात काळजी होती, दटावणी नव्हती. त्यांनी माझी ऑगस्टची हजेरीसुद्धा भरून काढली होती, मी न मागता.

मी पान बघितलं. सुबक अक्षर, समासाची लाल रेघ, खाली त्यांची सही. वास: केस जळाल्यासारखा. आणि वर उजव्या कोपऱ्यात तारीख, तीन ऑगस्ट.

तीन ऑगस्टला मी व्हरांड्यातसुद्धा नव्हते. कुठे होते ते मला मिनिटासकट आठवत होतं. भिंतीवर निळं घड्याळ होतं आणि दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. असा दिवस माणसाच्या आयुष्यात किती वेळा येतो? आणि माझ्याकडे, माझ्या हाताने, त्याची लेखी नोंद एकच होती. त्या दिवशी मी इथे उभी होते आणि मला केस जळाल्याचा वास आला.

मी जर्नल मिटलं आणि कोऱ्या जागेत लिहिलं, ॲसिटल.

मॅडम पुढच्या टेबलाकडे गेल्या.

दाभाडे सर म्हणजे बुटके, पांढऱ्या बाह्या दुमडलेले, खिशाला चष्म्याचं घर. आधी कारखान्यात होते, मग शिकवायला आले. त्यांनी माझा कागद वाचला, मग त्यांच्याकडची यादी पाहिली, मग चष्मा पुसला.

"सात नंबर आज दोघांना आलाय," ते म्हणाले. "त्या टेबलावरचा मुलगा नायलॉन म्हणतो. यादी नायलॉन म्हणते. तुम्ही एकट्याच ॲसिटल म्हणता."

"हो सर."

"कशावरून?"

मी सांगितलं. मिठाचं पाणी, निळी ज्योत, थेंब, बेडकांची बाटली. ते मध्येच काहीबाही विचारत गेले, ज्योत दिसली कशी, तुकडे किती जाळले. मी उत्तरं देत गेले. मग त्यांनी जर्नल उघडलं. ते उघडणारच होते.

"इथे तुम्हाला केसांचा वास आलाय."

"ते मी केलेलं नाही, सर. मैत्रिणीच्या वहीतून उतरवलंय. तीन ऑगस्टला मी कॉलेजात नव्हतेच."

"आणि बाकीची अकरा पानं?"

"तीही."

पलीकडच्या टेबलावर कोणाची तरी परीक्षानळी स्टँडमध्ये खडखडली. दाभाडे सरांनी जर्नलच्या पहिल्या पानावरचं प्रमाणपत्र काढलं. सदर विद्यार्थिनीने सर्व प्रयोग स्वतः केले आहेत, अशा अर्थाच्या दोन ओळी आणि खाली सही. ते नियमाचं बोलत नव्हते, पण नियम मला पाठ होता. प्रमाणपत्र खोटं असेल तर परीक्षेलाच बसता येत नाही. ॲसिटल बरोबर असलं तरी.

"सर, ती सही माझी आहे," खाचणे मॅडम माझ्या मागून म्हणाल्या. कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नाही. "पंखा बिघडला होता. हिला पाचवा महिना होता, मीच हिला धुरात येऊ दिलं नाही. उतरवून घे, असंही मीच सांगितलं."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दाराबाहेर, जिथे आत्याबाईंच्या पंच्याचं टोक हलताना दिसत होतं.

"बाहेर बसवलंत ते बरोबर केलंत," ते म्हणाले. "सही केलीत ते चुकलं."

मग त्यांनी बरणी उचलली आणि स्वतः काचेच्या कपाटाशी गेले. सगळी खोली लिहायची थांबली. त्यांनी सावलीसाठी तळहात धरला, वाकले, वास घेतला आणि लगेच मान मागे घेतली. रुमालाने डोळे पुसत त्यांनी नारखेडे मामांना हाक मारली. ही बरणी भरली कोणी?

मामा अभिमानाने पुढे आले. त्यांनीच भरली होती. जुने तुकडे संपले होते, तेव्हा कार्यशाळेतल्या मशीनचं पांढरं गिअर तुटलं, ते त्यांनी करवतीने कापलं, हाताने एकेक तुकडा घासून बरणीत घातला. नायलॉनचं गिअर. बाजारात जाऊन नायलॉनचं गिअर द्या म्हटलं की हेच पांढरं देतात, सगळे तसंच मागतात.

"किती वर्षं झाली?"

मामांनी बोटं मोजली. सहा झाली असतील, म्हणाले.

"म्हणजे सहा वर्षं या खोलीत दरसाल केस जळाले," दाभाडे सर म्हणाले, "आणि कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही."

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी बरणी घेतली आणि पोटाशी धरून उभे राहिले.

सर खुर्चीवर बसले. दुसऱ्या मुलाचे गुण कापायचे नाहीत, यादीच चुकीची आहे, हे त्यांनी आधी सांगून टाकलं. मग माझं जर्नल माझ्यासमोर सरकवलं. ही वही मी बघितलेली नाही असं समजतो, म्हणाले. दुसऱ्या एका वर्गाच्या परीक्षेसाठी ते पाच वाजेपर्यंत थांबणार होते.

"बारा बरण्या आहेत. एक झाली. उरलेल्या अकरा पाचपर्यंत स्वतः करा, आजची तारीख घालून लिहा. मॅडम सही करतील, त्यांनी पाहिलं असेल तर. नाही जमलं, तर मी गैरहजर लिहीन. आणि वहीचे गुण उशिराचे मिळतील, पूर्ण नाही."

दीड वाजला होता.

मी व्हरांड्यात जाऊन आत्याबाईंना सांगितलं. उर्वी त्यांच्या मांडीवर उघडी झोपली होती, पोटावर ओला रुमाल. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे आज पास का नापास?"

"पाच वाजता कळेल."

"नायलॉन नाही लिहिलं."

"नाही."

त्यांनी एक मोठा श्वास सोडला. मग डबा उघडून त्यातली अर्धी पोळी गुंडाळून माझ्या हातात कोंबली आणि पंचा पुन्हा भिजवायला नळाकडे निघाल्या. "मग इथे काय उभी राहिली," त्या पाठ फिरवून म्हणाल्या, "जाय ना आत."

ती दुपार मला अजून नाकाने आठवते. पॉलिथिन जाळलं आणि खरोखर मेणबत्ती विझल्यासारखा वास आला. पुस्तक खरं बोलतं याचं मला इतकं नवल वाटलं की मी तोच तुकडा पुन्हा पेटवला. पॉलिस्टायरिनची काळी जळमटं हवेत तरंगत वर गेली, आणि त्या काजळीच्या मागून पुसटसा झेंडू आला. तापलेली तांब्याची तार पीव्हीसीला टेकवून ज्योतीत धरली तशी ज्योत हिरवीगार झाली. चार नंबर आणि एक नंबर, दोन्ही पाण्यावर तरंगणारे, दोन्ही मेणासारखे जळणारे, यांच्यात माझी तीनदा गल्लत झाली. मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्यांनी एकदाही उत्तर सुचवलं नाही. दिवा विझला की लावायच्या, पाणी बदलून द्यायच्या आणि मी लिहिलं की तारखेखाली सही करायच्या. तिसऱ्यांदा गल्लत झाली तेव्हा एवढंच म्हणाल्या, घाई करू नकोस, अजून वेळ आहे. दोनदा मी हात धुऊन स्टोअररूममध्ये गेले आणि आले. दुसऱ्या वेळी उर्वी प्यायलीच नाही, नुसती माझ्या गळ्याशी नाक घासत हसली.

चार वाजून चाळीस मिनिटांनी अकरा पुरे झाले.

तेव्हा नारखेडे मामा आले. दुपारभर ते दिसले नव्हते. त्यांच्या मुठीत पिवळट दाणे होते. स्टोअरच्या तळातलं जुनं पोतं त्यांनी उपसून काढलं होतं, त्यावर छापलेलं होतं नायलॉन. त्यांनी सात नंबरची रिकामी, धुतलेली बरणी टेबलावर ठेवली आणि दाणे तिच्यात ओतले.

"एवढं पाहून देता का, ताई," ते म्हणाले. "मग झाकण लावतो."

इतक्या वर्षांत ते कोणा विद्यार्थिनीला ताई म्हणाल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी एक दाणा मिठाच्या पाण्यात टाकला. तो खाली गेला, थबकला आणि सावकाश वर आला. दुसरा जाळला. आणि वास आला. दिवेलागणीचा, आमच्या स्वयंपाकघराचा. लोखंडी पळी, मोहरीची तडतड, उर्वी डोळे मोठे करून धुराकडे बघते आणि आत्याबाई तोंडातल्या तोंडात कोणाकोणाच्या नजरा घालवतात. मला अचानक घरी जावंसं वाटलं.

"आहे," मी म्हटलं. "हे नायलॉन आहे."

मामांनी झाकण लावलं.

दाभाडे सरांनी पानं उलटली, अधूनमधून एखादा प्रश्न विचारला आणि शेवटी पहिल्या पानावर तारखेसह सही केली. निकाल त्यांनी सांगायचा नसतो. त्यांनी एवढंच विचारलं, बाहेर आहेत त्या तुमच्या आई का? सासूबाई, मी म्हटलं. त्यांना घेऊन जा आता, म्हणाले, उन्हं उतरली.

मला पन्नासपैकी एकतीस मिळाले. माझ्यामागे उभ्या असलेल्या मुलीला त्रेचाळीस.

आता संभाजीनगरात एका पाइपच्या कारखान्यात मी तपासणीच्या खोलीत काम करते. उर्वी दुसरीत आहे. परवा सुटीत माळ्यावरची पेटी खाली काढली, तर तिच्या हाती ते जर्नल लागलं. ती पानं उलटत बसली. इंग्रजी तिला अजून अडखळत येतं, पण तारखा वाचता येतात. सात नंबरच्या पानावर थांबली. तिथे तीन ऑगस्टच्या सगळ्या मजकुरावर मी तिरकी रेघ मारलेली आहे, आणि मागे, पाठकोऱ्या बाजूला, सोळा मेचा.

"हे का खोडलं?"

"खोटं होतं म्हणून. त्या दिवशी मी कॉलेजात गेलेच नव्हते."

"मग कुठे गेली होतीस?"

"दवाखान्यात. आजीबरोबर. तुला बघायला."

ती हसली. मी पोटात असताना कशी बघशील, म्हणाली. मी तिला ती खोली सांगितली, गार मलम, भिंतीवरचं निळं घड्याळ, आणि डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला ते. तिची टाच दिसली होती. एवढीशी टाच, आणि तिने ती हलवली.

"मी कशी दिसत होते?"

"पांढरी. धुरासारखी."

तिने पानाकडे बघून जरा विचार केला.

"मग हे लिहायचं ना इथे," ती म्हणाली, आणि पेन्सिल आणायला आतल्या खोलीत पळाली.